जंताची गोळी केवळ मुलांनाच का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने, म्हणजे १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास, १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते, हे योग्यच आहे. मात्र कोकणात पावसाळाभर अनवाणी राबणाऱ्या प्रौढांकडे, त्यातही स्त्रियांकडे, या मोहिमेत पुरेसे लक्ष दिले जात नाही, हे निदर्शनास आणावेसे वाटते.

जेवणापूर्वी हात धुतल्याने बरेच जंत टळतात. अंकुशकृमी, म्हणजेच हुकवर्म हा जंत, तेवढ्याने टळत नाही. त्याची अळी ओलसर, सावलीच्या मातीत वाढते आणि पायाच्या कातडीतून थेट आत शिरते. त्यासाठी ती प्रथिने विरघळवणारी विकरे, म्हणजेच एन्झाइम, स्रवते. पुढे रक्तातून फुप्फुसात, तेथून घशात आणि गिळली गेल्यावर लहान आतड्यात असा तिचा प्रवास होतो. तेथे वाढलेला जेमतेम एक सेंटिमीटरचा कृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त पितो आणि त्यातील हिमोग्लोबिन निरनिराळ्या विकरांनी टप्प्याटप्प्याने पचवतो. यांपैकी एका विकराविरुद्ध शरीरात प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करून कृमीचे अन्नच तोडावे, या कल्पनेवर आधारित लसीच्या मानवी चाचण्या झाल्या आहेत. पण अशी लस अद्याप वापरात नाही.

आपले शरीर स्वस्थ बसत नाही. इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी पेरॉक्सिडेजसारखी विकरे घेऊन कृमीवर चालून जातात. परंतु त्या पेशींना बोलावणारे इओटॅक्सिन हे प्रथिन कृमी स्वतःच्याच विकराने तोडून टाकतो. अशा अनेक युक्त्यांमुळे एकदा कृमी होऊन गेला तरी टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही, आणि गोळीने आतडे साफ झाले तरी त्याच मातीत पाय पडताच नवी अळी शिरू शकते.

साचलेले पाणी या अळीला फारसे मानवत नाही. म्हणून भरल्या कुणग्यापेक्षा, म्हणजे पाण्याने भरलेल्या भातखाचरापेक्षा, बांध, पाणंद आणि माडा-पोफळीच्या वाडीतील सावली अधिक धोक्याची. लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतात, तेव्हा ते घाला असे सांगणे व्यर्थ आहे. वाडीत आणि बांधावर मात्र पायात चप्पल हवीच. अळी शिरल्यावर पायाला सुटलेली खाज आपल्याकडे सर्रास चिखल्यांच्या नावावर खपते, हीही एक अडचण. कातडीतून शिरणारे परजीवी कोकणाला नवे नाहीत: गुहागर तालुक्यातील गिमवी येथे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसची, म्हणजे एका चपट्या कृमीमुळे होणाऱ्या रोगाची, नोंद १९५२ मध्येच झाली होती, आणि त्या कृमीच्या अळ्याही गोड्या पाण्यातून विकरांच्याच बळावर कातडी भेदतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, जंतांचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या भागांत प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांनाही जंतनाशक देण्याची शिफारस केली आहे. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बाईच्या हाती लोहाच्या गोळ्या ठेवल्या जातात, परंतु रक्त जाते कुठे याचा शोध क्वचितच घेतला जातो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांनी पावसाळा सरताच प्रौढांची नमुना शौचतपासणी करावी, आणि जेथे अंकुशकृमी आढळेल त्या गावांत शेतकरी स्त्री-पुरुषांनाही गोळी द्यावी. गरोदर स्त्रियांना पहिल्या तिमाहीनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, गुहागर