हिमोफिलिया झालेल्या मुलाच्या आईबहिणीचंही रक्त तपासा

मा. संपादक, स.न.वि.वि.

हिमोफिलियावर, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या जन्मजात आजारावर, पेपरात काही छापून आलं की त्यात मुलगाच असतो. तेही खरंच म्हणा, दोष एक्स गुणसूत्रावर, मुलग्यांकडे एक्स एकच, त्यामुळे साधारण 5000 मुलग्यांमागे एकाला हिमोफिलिया ए (रक्त गोठवणारं फॅक्टर आठ हे प्रथिन कमी असण्याचा प्रकार) होतो आणि तीव्र असला तर न लागता न पडता गुडघ्यात रक्त उतरतं. पण त्यावरून बायकांना काहीच होत नाही असं जे अजून सांगितलं जातं ना, ते चूक आहे.

माझ्या भाच्याला हा आजार आहे. निदान झालं तेव्हा बहिणीला सांगितलं, तू नुसती वाहक, म्हणजे दोष मुलांकडे देणारी, तुला काही नाही. तिला पाळीत इतकं जायचं की रात्री उठून चादरी धुवायची, सासू म्हणे उष्णता आहे, कोकम घे, देवाला कौल लावून झाला, लोहाच्या गोळ्या तर वर्षानुवर्षं चालूच. शेवटी दाढ काढली आणि सकाळपर्यंत बोळे बदलतोय तरी रक्त थांबेना, तेव्हा कुठे फॅक्टर आठ तपासला, 28 टक्के निघाला! 40 च्या खाली गेला तर बाईलासुद्धा सौम्य हिमोफिलियाच धरतात. बायकांच्या प्रत्येक पेशीत दोनातला एक एक्स बंद असतो, कुठे कुठला ते नशिबावर, त्यामुळे सख्ख्या बहिणींची लेव्हलपण सारखी नसते.

बाळंतपणाचं तर वेगळंच. गरोदरपणात फॅक्टर आठ आपोआप वाढतो, रिपोर्ट छान येतो, आणि बाळंत झाल्यावर तो परत उतरतो, म्हणजे खरा धोका घरी सोडल्यानंतर. हिमोफिलिया बी असेल, म्हणजे फॅक्टर नऊ कमी असेल, तर तो वाढतही नाही फारसा.

माझं म्हणणं एवढंच की मुलाचं निदान होतं त्याच दिवशी आईचं आणि बहिणींचंही फॅक्टरसाठी रक्त घ्या, नुसती एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती चाचणी) नको, ती सौम्य केसमध्ये नॉर्मल येऊ शकते. वडिलांना असेल तर सगळ्या मुलींचं, पाळी सुरू व्हायच्या आधी. हे रक्त फार वेळ तसंच ठेवून चालत नाही, प्लाझ्मा वेगळा करून गोठवावा लागतो, आणि आमच्याकडून मुंबई गाठायची म्हणजे हायवेचे हाल सगळ्यांना माहीत आहेत. तेवढी सोय रत्नागिरी-सिंधुदुर्गातच करा, गोठवलेला नमुना पुढे मुंबईला गेला तरी चालेल, पेशंटला कशाला फरफटवायचं.

एक वाचक, राजापूर