कॅलिपर लाल करा, पण आधी ब्रेक तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आलाय आणि आपल्याकडची पोरं अंगणातच गाडीचे पुढचे ब्रेक खोलून डिस्क-पॅड बदलालेत, कॅलिपरला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीला, लाल-पिवळा रंग मारालेत, हे बघून बरं वाटतं. बेळगावच्या उद्यमबागच्या फाउंड्र्या नि मशीनशॉपच्या गावातल्या पोरांना पाना कसा धरायचा हे सांगायला नको. पण रंगाची जी घाई चाललीय तिची काळजी वाटते.

काहीजण नुसतं चाक काढतात, कॅलिपर जागेवरच आणि वरनं स्प्रे. रंग डिस्कवर, पॅडवर, रबरावर सगळीकडं. अहो, ब्रेक दाबला की वजन पुढं येतं, म्हणून जास्त भार पुढच्या ब्रेकवरच. जांबोटी, कणकुंबी करून चोर्ला घाट केरीकडं उतरताना डिस्क २०० अंशाच्या वर सहज तापते, तिथं पॅडवर रंगाचा थर असेल तर काय होईल?

जुने पॅड फेकायच्या आधी हातात घेऊन शेजारी शेजारी धरून बघा. आतला पार झिजलाय आणि बाहेरचा अर्धा शिल्लक असेल तर बहुतेक कॅलिपर जिच्यावर सरकतो ती पिन अडकलीय. ती साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावल्याशिवाय नवे पॅडही तसेच जाणार. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, तेवढी राहिली नसेल तर डिस्क बदलायची, आणि जे काय बदलायचं ते दोन्ही चाकांचं. हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, डिस्क बसते तिथला गंज वायर ब्रशनं पार काढायचा, नाहीतर नवी डिस्क वाकडी बसून पेडल थरथरतं. त्या जागेवर रंग अजिबात नको, चाक टेकतं तिथंही नको, कारण तो थर दबला की नट ढिले पडतात.

रंगाला माझा विरोध नाही हं, खानापूरच्या पावसात उघडं लोखंड किती टिकतं ते आपण बघतोच. कॅलिपर घासून, ब्रेक क्लीनरनं पुसून, रबर आणि ब्लीडर निपल (ब्रेकमधली हवा काढायची तोटी) टेपनं झाकून, उष्णता सोसणाराच रंग पातळ हातानं मारावा. त्यावर ब्रेक ऑईल सांडलं तर रंग सुटतो. कॅलिपर होजवर, म्हणजे ब्रेक ऑईलच्या नळीवर, लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. आणि गाडी नुसत्या जॅकवर कधीच नको, खाली घोडी (जॅक स्टँड) हवीच, यात कुणाचंही ऐकू नका.

ब्रेक ऑईलचं तर कुणी नावच काढत नाही. नवीन डॉट ४ दर्जाचं ऑईल २३० अंशापर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि तसं जुनं झालेलं ऑईल १५५ च्या आसपासही उकळू शकतं, मग घाटात पेडल सरळ खाली जातं. काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईस्तोवर मारायचं, नवे पॅड बसवताना कॅलिपरमधला पॅड दाबणारा पिस्टन मागं ढकललेला असतो त्यामुळं पहिले दाब फुकटच जातात. मग मोकळ्या रस्त्यावर हळूहळू वेग कमी करत पॅड बसू द्यायचे, लगेच घाट नको.

आपल्या पेपरनं दर मे महिन्यात ही माहिती फोटोसकट छापावी आणि तालुक्यातल्या आयटीआयनी एखाद्या रविवारी पोरांना दाखवावी ही विनंती. स्पेअर पार्टवाल्यांनाही सांगणं आहे, रंगाचा डबा मागायला पोरगं आलं तर ब्रेक ऑईल कधी बदललंस एवढं विचारा.

– एक वाचक, खानापूर