माधवीस पत्र: ती वायर काढू नकोस

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपारी

प्रिय माधे,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागेना. तुमच्या व्हॅनचा ऑईलचा लाल दिवा पेटतोय आणि गॅरेजवाला म्हणतो, "या गाड्यांचा स्विचच खराब असतो, वायर काढून टाकतो, दिवा गेला समजा." हे तू किती सहज सांगितलंस! फोनवर मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. ती वायर तशीच राहू दे. आणि हे वाचून होईपर्यंत गाडी बाहेर काढू नका. भावजींनाही वाचायला दे.

आमच्या ओम्नीचंच सांगते. बाबांनी ती २००८ साली घेतली. आपण शाळेतल्या सगळ्या मिळून तिच्यातून येऊरला गेलो होतो, आठवतं ना? १५ वर्षं भरल्यावर आरटीओत फेरनोंदणीची वेळ आली तेव्हा घरातल्या प्रत्येकाने विकून टाक म्हणून सांगितलं. मी नाही विकली. पोळ्यांच्या, मोदकांच्या ऑर्डरी घोडबंदर रोडला तिच्यातूनच जातात, हे एक. दुसरं म्हणजे दर रविवारी सकाळी बाबा जुन्या बनियनचं फडकं घेऊन पुढची सीट उचलायचे, ऑईलची पट्टी ओढून पुसायचे, पुन्हा घालून उजेडात धरून बघायचे. तेव्हा मी चहा घेऊन शेजारी उभी असायची. ती गाडी दुसऱ्या कुणाच्या दारात उभी असलेली मला बघवली नसती.

जूनच्या शेवटी पाटलीपाड्याहून परत येत होते. पाऊस होता, माजिवड्याला तुंबलेलं. तीन हात नाक्याच्या सिग्नलला थांबले, इंजिन चांगलं तापलेलं, आणि तो लाल दिवा लुकलुकला. जरा रेस दिली की विझायचा, पाय काढला की परत. घर दहा मिनिटांवर होतं. हळूहळू जाऊ का, असं क्षणभर मनात आलंच. पण सिग्नल सुटल्यावर गाडी कडेला घेतली, बंद केली आणि भावाला दोरी घेऊन बोलावलं.

का थांबले ते नीट ऐक, कारण सगळं यातच आहे. तो दिवा तेल किती आहे ते सांगत नाही, तेलाचा दाब गेला हे सांगतो. त्याचा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला लागतो (बार हे दाबाचं माप). तापलेल्या इंजिनाला चांगल्या रेसवर ३ बारच्या आसपास दाब हवा. म्हणजे दिवा पेटतो तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. आणि क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, बेअरिंगवर टेकून फिरत नाही गं, तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरते. तो थर तुटला की धातूला धातू घासतो, आणि इंजिन जाम व्हायला मग फार वेळ लागत नाही.

घरी आणल्यावर सपाट जागी उभी करून दहा मिनिटांनी पट्टी बघितली. तेल वरच्या खुणेपाशी. पेट्रोलचा वास नाही, दुधाळ रंग नाही. तुमच्याकडे मात्र आधी हेच बघा. तेल कमी असेल तर घाटात, वळणावर, ब्रेक मारल्यावर ते एका बाजूला सरतं आणि तेलाचा पंप हवा ओढतो. तुमचा दिवा कुंभार्ली घाटातच जास्त लागतो म्हणालीस, म्हणून सांगते.

मग सुरू झाल्या गॅरेजच्या फेऱ्या. पहिल्याने नवा स्विच बसवला. दोन दिवस बरं, तिसऱ्या दिवशी सिग्नलला पुन्हा दिवा. दुसऱ्याने सीटसुद्धा न उचलता "इंजिन बांधावं लागेल" म्हणून ३५,००० सांगितले. वर हेही की तेवढे नसतील तर जाड ऑईल आणि त्यात घालायच्या औषधाची एक बाटली टाकून देतो, गणपतीपर्यंत चालेल. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. दोघांपैकी एकानेही दाब मोजला नव्हता.

हे जाड ऑईलचं तुलाही कुणीतरी सांगेल. आपल्या जुन्या चाळीतला नळ आठव. सगळ्यांनी एकदम नळ सोडले की वरच्या मजल्यावर धार बारीक व्हायची. पंप तेवढंच पाणी चढवतो, पण वाटा जास्त उघड्या असल्या की दाब धरत नाही. झिजलेली बेअरिंग म्हणजे असे उघडे राहिलेले नळ. तेल तापून पातळ झालं की त्या फटींतून आणखी लवकर निसटतं, म्हणून आयडलला, म्हणजे पाय काढून इंजिन नुसतं चालू असताना, दिवा. जाड तेल निसटायला वेळ घेतं, दिवा विझतो, झीज मात्र जिथल्या तिथे. शिवाय खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतच, अडथळा असेल तर पंपाला जाड तेल ओढणं आणखी जड जातं. आमच्याकडे नेमकं तेच निघालं.

वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटर काका आहेत, आईच्या ओळखीतले. त्यांनी आधी वायर तपासली. किल्ली फिरवून, इंजिन सुरू न करता, स्विचची वायर काढली तर दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. वायर काढायची ती एवढ्या एका तपासणीपुरती, आणि लगेच परत लावायची. आमचा विझला. मग त्यांनी स्विच खोलून त्याच जागी, १/८ इंचाच्या आट्यात, काट्याचं प्रेशर गेज बसवलं.

थंड इंजिनाला साडेतीन बार. मला वाटलं, संपलं, काही नाही झालेलं. काका म्हणाले, "थांब. थंडीत सगळेच शहाणे दिसतात." जागेवरच तापू दिली. आयडलला काटा अर्ध्या बारवर आला. मग त्यांनी रेस धरली. काटा दोनपर्यंत चढला, थरथरला, आणि रेस तशीच असताना खाली घसरला. त्यांनी ताबडतोब गाडी बंद केली. म्हणाले, "बेअरिंगचं असतं तर रेसवर काटा चढून टिकला असता. हा पडतोय. पंपाला खालून तेलच मिळत नाहीये."

जुना फिल्टर कापून कागद पांढऱ्या फडक्यावर पसरला. चकाकणारा कण एकही नाही. (लोहचुंबक फिरवून समाधान मानू नका, बेअरिंगचा धातू चुंबकाला चिकटत नाही.) मग गाडी वर घेऊन चेंबर उतरवलं. पंपाच्या जाळीवर काळा चिकट गाळ, आणि त्यात सिलिकॉनचे लोंबणारे तुकडे, मोरीच्या जाळीत केस अडकावेत तसे. गेल्या वर्षी चेंबरमधून तेल गळत होतं तेव्हा एका गॅरेजमध्ये गॅस्केटऐवजी नुसतं सिलिकॉन थापलं होतं. आत दबून आलेलं सुटलं आणि जाळीवर ओढलं गेलं. रात्रभर गाडी उभी राहिली की ते खाली पडायचं, म्हणून सकाळी दिवा नसायचा. धावली की परत जाळी बंद.

काकांनी दोन बेअरिंग खोलून बघितली, घासली नव्हती. जाळी, चेंबर धुतलं, खरं गॅस्केट बसवलं, नवा फिल्टर, नवं २०डब्ल्यू-४० ऑईल. सुरू करण्याआधी प्लगच्या वायरी काढून दिवा विझेपर्यंत नुसत्या स्टार्टरने इंजिन फिरवलं, म्हणजे कोरडं सुरू होत नाही. सगळे मिळून ४,५०० लागले. आता गरम आयडलला सव्वा बार आणि रेसवर सव्वातीन, काटा जागचा हलत नाही. त्या दिवशी मी काकांसमोरच रडले. बाबांची गाडी गेली असंच मी धरून चालले होते.

तुमचं कारण वेगळंही असेल. खरंच स्विच असेल, किंवा बेअरिंगच गेली असतील आणि खर्च मोठा निघेल. ते गेज लावल्यावर कळेल. मी गेज विकत घेतलं आहे. मंगळवारी माझा भाऊ चिपळूणला येतोय, त्याच्याजवळ जोडणीसकट देते आहे. थंड आयडलचा, गरम आयडलचा आणि रेस धरल्यावरचा, असे तिन्ही आकडे कागदावर लिहा. रेसवर काटा टिकतो की पडतो तेही लिहा, आणि मला फोन कर. मी काकांना विचारून सांगते. आवाज खटखट यायला लागला तर मात्र मोजत बसू नका, लगेच बंद करा.

गेज परत करायची घाई नाही. तोवर मुलांना शाळेत रिक्षाने पाठव.

तुझी,
सुमी