दिवाणजींना शाबासकी देणाऱ्या वकीलबाईंना

आदरणीय वकीलबाई,
स. न. वि. वि.

उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीच्या नावात एक अक्षर फिरवून कुणीतरी डोमेन घेतलं. त्यावरून पुण्याच्या गिऱ्हाइकाला 'आमचं बँक खातं बदललं आहे' असा मेल गेला. सगळ्यांनी दिवाणजींनाच धरलं, पासवर्ड यांच्याकडूनच फुटला म्हणून. तुम्ही खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसलात आणि म्हणालात, "दिवाणजी, मूळ मेल फाइल म्हणून मागवून घेतलात, हे फार चांगलं केलंत."

त्या एका वाक्यासाठी हे पत्र. मेल नुसता फॉरवर्ड केला की मूळ हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याच्या नोंदी, जातात आणि पुरावा लंगडा पडतो. हेडरमध्ये स्पष्ट होतं की मेल खोट्या डोमेनवरूनच निघाला होता. तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. आमच्या मेलबॉक्समधले फॉरवर्डिंगचे नियम आणि लॉगिनच्या नोंदीही तपासल्यात, आणि तिथे काही सापडलं नाही हे सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलंत. दिवाणजींची मान वर झाली.

तुमच्या आधी आलेल्या एका सल्लागारांनी 'डीमार्क लावा, विषय संपला' म्हणून बिल लावलं होतं. डीमार्क ही मेलची सुरक्षा-व्यवस्था आपल्या डोमेनचं सोंग घेणाऱ्याला अडवते. चोराने स्वतःचं वेगळं डोमेन घेतलं असेल, तर एसपीएफ आणि डीकेआयएम या मेल खरंच त्या डोमेनचा आहे का हे बघणाऱ्या तपासण्या तो व्यवस्थित पास होतो. दुसऱ्या एकांनी रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीला, 'आमचा ट्रेडमार्क आहे' एवढंच कळवलं होतं आणि उत्तराची वाट बघत बसले. रजिस्ट्रारला ट्रेडमार्कच्या वादाचा निवाडा करायचा नसतो. फिशिंगचा, म्हणजे खोट्या मेलने फसवण्याचा, ठोस पुरावा हातात आला की मात्र आयकॅन या डोमेनचा जागतिक कारभार बघणाऱ्या संस्थेच्या 2024 पासूनच्या करारानुसार त्याला हालचाल करावीच लागते. तुम्ही तक्रार फिशिंगची केलीत, हेडर आणि स्क्रीनशॉट जोडून. त्याआधी गिऱ्हाइकाला त्याच्या बँकेत आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करायला लावलात, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकला की धरणं कठीण.

डोमेन नुसतं बंद करून भागत नाही, मुदत संपली की दुसरा कुणी ते उचलतो. म्हणून यूडीआरपी, म्हणजे डोमेनच्या वादांची कोर्टाबाहेरची लवादासारखी प्रक्रिया. तीन गोष्टी सिद्ध करायच्या: नाव आपल्या ट्रेडमार्कशी फसगत होण्याइतकं सारखं आहे, समोरच्याचा त्यावर हक्क नाही, आणि नोंदणी व वापर दोन्ही वाईट हेतूने झाले. वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासाठी 1500 डॉलर लागतात आणि भरपाई मिळत नाही, फक्त डोमेन मिळतं. ट्रेडमार्कचा नुसता अर्ज तिथे पुरत नाही, म्हणून तुम्ही जुनी बिलं आणि जाहिराती खणून काढायला लावल्यात. चेन्नईच्या ट्रेडमार्क कार्यालयातला आमचा अर्जही लोगोपुरता न ठेवता साध्या अक्षरांतल्या नावासाठी करवून घेतलात.

आपल्या भागाची खरी अडचण तुम्ही बरोबर हेरलीत. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बदलून बेळगावी झालं, पण गिऱ्हाइकांच्या डोळ्यांना जुनं इंग्रजी स्पेलिंगही ओळखीचं आणि नवंही, त्यामुळे दोन्हींपैकी कुठलंही पाहून कुणी चमकत नाही. त्यात मराठी नावं इंग्रजीत लिहिताना व्ही-डब्ल्यूची अदलाबदल, एक 'ए' जास्त, आणि 'आर'ला 'एन' चिकटला की तो 'एम'च दिसतो. शंभर डोमेन विकत घ्यायला लावणारे पुष्कळ भेटतात. तुम्ही एवढीच मोजकी रूपं घ्यायला सांगितलीत, त्याचा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून दिलात, आणि त्या दिवसाची फी घेतली नाहीत.

माणसाला आधी आरोपी न ठरवता त्याचं म्हणणं ऐकून घेणारे लोक कोर्टकचेरीत, कार्यालयात, बँकेत आणखी हवेत. कायदा जाणणारे पुष्कळ आहेत, असं वागणारे थोडे.

घेतलेल्या जास्तीच्या डोमेनवर नल एमएक्सची, म्हणजे 'इथे मेल घेतला जात नाही' अशी, नोंद तुमच्या सांगण्याप्रमाणे दिवाणजींनीच केली आहे. आता चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला मेल लगेच परत जातो आणि पाठवणाऱ्याला चूक कळते. खातं बदलल्याचा मेल आला तर जुन्या नंबरवर फोन करूनच खात्री करा, हे वाक्य आता आमच्या प्रत्येक बिलावर छापलेलं असतं.

आपले ऋणी,
दिवाणजी आणि फाउंड्रीतले सगळे
उद्यमबाग, बेळगाव