बाळाच्या रिपोर्टबद्दल

नाशिक, रविवार

प्रिय सुमे,

काल फोनवर रिपोर्ट वाचता वाचता तुला रडू कोसळलं आणि मला धड काही सांगता आलं नाही. म्हणून आज नीट लिहायला बसलेय.

बाळाच्या रक्तात रुबेलाचं (जर्मन गोवराचं) आयजीजी, म्हणजे त्या आजाराशी लढणारं एक प्रतिपिंड, पॉझिटिव्ह आलंय ना, ते बाळाचं नाहीच गं, तुझं आहे! तू कधीतरी लस घेतली असशील, नाहीतर आजार येऊन गेला असेल. तेव्हा तुझ्या शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं वारेतून त्याला मिळाली, बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत. प्रतिपिंडांच्या पाच प्रकारांपैकी वार ओलांडतं ते हे एकच. आयजीएम म्हणजे पाच जोडून झालेलं, दहा हातांचं धूड. संसर्ग झाला की आधी तेच तयार होतं, पण आईकडून बाळाकडे जात नाही. बाळाच्या रक्तात ते सापडलं असतं तर त्यालाच लागण झाल्याची शंका घ्यावी लागली असती. तुझ्या कागदावर तिथे निगेटिव्ह आहे, आणि डॉक्टरांनीही बाळाला तपासून ठीक म्हटलंय. आमच्या लॅबमध्ये ही तपासणी करताना, प्रतिपिंड असेल तर प्लेटच्या इवल्याशा खळग्यांत आधी निळा रंग चढतो, आम्ल घातलं की पिवळा होतो. तान्ह्या बाळाचा आयजीएमचा खळगा बिनरंगी राहिला की मला आजही हायसं वाटतं.

आणि चीक अजिबात टाकू नकोस. माझ्या वेळी 'जड पडतो' म्हणून घरच्यांनी पिळून टाकायला लावला आणि मी गप्प बसले, त्याची खंत अजून आहे. चिकात आयजीए ठासून भरलेलं असतं. ते रक्तात फारसं जात नाही. आतड्याच्या अस्तरावर पसरून जंतूंना चिकटू देत नाही. गाईच्या वारेतून तर वासराला प्रतिपिंडं मिळतच नाहीत, त्याची सगळी भिस्त चिकावर. आपण खरवस करतो त्यावर पहिला हक्क त्याचा.

तुझ्या धुळीच्या शिंका आयजीईमुळे. इशिझाका या जपानी दांपत्यानं ते १९६६ मध्ये शोधलं. उरलेलं पाचवं, आयजीडी, रक्तात अगदी नावापुरतं.

तुझं आयजीजी बाळाच्या अंगात साधारण तीन आठवड्यांत निम्मं होत जाईल. ते असेपर्यंत गोवर-रुबेलाची लस नीट लागू पडत नाही, म्हणून ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. बाकीच्यांपैकी काही मात्र जन्मतःच देतात आणि काही दीड महिन्यापासून सुरू होतात, त्या चुकवू नकोस.

शनिवारी येतेय. रिपोर्ट काढून ठेव, ओळ न् ओळ समजावून सांगते.

तुझीच,
मंगल