समुद्राला परसदार नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर पावसाळ्यात आपल्या अंकात जिल्ह्याच्या पानावर एक बातमी ठरलेली असते: किनाऱ्यावर फलक लागले, समुद्रात उतरण्यास मनाई. मनाई योग्यच आहे. माझं माहेर मुरुडचं आणि सासरही मुरुडचंच, त्यामुळे जुलैतला समुद्र काय असतो ते मला सांगायला नको. पण फलक उतरल्यावर उरलेले आठ महिने आपण काय करतो, याबद्दल मला लिहायचं आहे. त्यासाठी आधी फार लांबच्या एका किनाऱ्यावरचा दिवस सांगते.

माझी लेक आणि जावई बार्बाडोसला असतात. ३४ वर्षं भूगोल शिकवताना फळ्यावर वेस्ट इंडीजची बेटं काढली, ऊस आणि चक्रीवादळं मुलांकडून पाठ करून घेतली; तिथे आपण कधी पाय ठेवू असं वाटलं नव्हतं. २०२४च्या सप्टेंबरात लंडनमार्गे आम्ही दोघं गेलो. तिकडे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत पर्यटकांची झुंबड असते. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम, म्हणून तिकीट त्यातल्या त्यात स्वस्त. त्याच वर्षी १ जुलैला बेरिल वादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं होतं आणि ब्रिजटाउनच्या मच्छीमारी बंदरात कितीतरी होड्या मोडल्या होत्या. टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकलेला आपला संघ त्याच वादळापायी तिथे अडकून पडला होता. आम्ही मुंबईकडचे म्हटल्यावर व्हॅनच्या ड्रायव्हरने पहिलं नाव घेतलं ते रोहितचं. अंतर कितीही असो, भाडं साडेतीन डॉलर, त्यांचे डॉलर.

त्या शनिवारी लेकीने पहाटे पाचलाच उठवलं. कार्लाइल बेवर पोचलो तेव्हा उजाडत होतं. किनारा पश्चिमेला तोंड करून, आपल्यासारखाच, त्यामुळे सूर्य पाठीमागून आला. भाड्याच्या खुर्च्या एकावर एक रचून बांधून ठेवलेल्या. माणसं सगळी गावातली. आणि पाण्यात घोडे! जवळच्या गॅरिसनच्या मैदानावर शर्यती होतात, तिथले घोडे सकाळी समुद्रात आंघोळीला आणतात. सईस पोहतोय आणि शेजारी घोड्याची मान तेवढी पाण्यावर, नाकातून फुरफुर चाललेली. माझी नऊ वर्षांची नात हे रोज पाहत असल्यासारखी पुढे निघून गेली, मी मात्र तिथेच उभी.

वाळू पांढरी, पोवळ्याच्या चुऱ्याची. पण मी पाहत होते ती वाळूवरची ओली रेघ. आमच्याकडे उधाणाला पाणी तीन मीटरच्या वर चढतं आणि ओहोटीला पार लांब जातं. तिथे भरती-ओहोटीतला फरक जेमतेम पाऊण मीटर. समुद्र म्हणजे येणारी-जाणारी गोष्ट असं ज्याच्या मनात बसलंय, त्याला हा जागचा न हलणारा समुद्र आधी खरा वाटत नाही. काठाला मात्र आपलीच झाडं: नारळ, सुरू, देशी बदाम.

पाण्यात गळ्यापर्यंत सात-आठ बायका गोल करून उभ्या होत्या. साठीच्या, सत्तरीच्या, एक तर ऐंशीची. डोक्याला प्लास्टिकच्या टोप्या, कोणाची गवती हॅट. त्यांच्या तोंडात याला 'सी-बाथ' म्हणतात. सांधे दुखतात म्हणून यायचं, गप्पांसाठी यायचं, आणि तासभर बाहेर निघायचं नाही. पाण्यात शिरणारा प्रत्येक जण ओळख असो नसो 'गुड मॉर्निंग' म्हणणार. मीही म्हटलं, गुडघाभर पाण्यातून. त्यातल्या एका निवृत्त परिचारिकेने विचारलं, अशी बाहेर का उभी? लेकीने सांगून टाकलं, आई जन्मापासून समुद्राकाठी राहते, पण पोहता येत नाही.

खरंच आहे ते. आमच्या लहानपणी मुलगे खाडीत आणि विहिरीत पडून पडून शिकले. मुलींनी पाय भिजवायचे आणि परकर सावरत परत यायचं. पुढे शिक्षिका झाल्यावर शाळेची सहल किनाऱ्यावर नेली की मी आडवा दोर धरून उभी राहायची आणि ओरडायची, पाण्यात जाऊ नका. एवढंच शिकवलं.

त्या बाईंनी मला हाताला धरून छातीभर पाण्यात नेलं. पंजाबी ड्रेस अंगावर फुगला होता. पाणी कोमट. एक तळवा मानेखाली, एक पाठीखाली, आणि म्हणाल्या, कान बुडू दे, आभाळाकडे बघ, काही करू नकोस. काही न करणं फार अवघड गेलं. तीनदा घाबरून उठले, नाकातोंडात खारं पाणी. चौथ्या वेळी कान बुडले, सगळे आवाज गेले आणि माझा श्वास मला ऐकू आला. मानेखालचा हात त्यांनी कधी काढला ते कळलंच नाही. नात मोठ्याने मोजत होती. अकरा झाले. वयाच्या ६७व्या वर्षी अकरा आकडे मी समुद्रावर पडून होते. काठावर हे टाळ्या वाजवत उभे, चपला हातात.

मग त्या बाई गंभीर झाल्या. तरंगता आलं म्हणून समुद्र आपला झाला असं समजू नकोस, म्हणाल्या. बेटाच्या पूर्व अंगाला, बॅथशेबाला, अटलांटिकचं पाणी ओढून नेतं, तिथे गावचे लोकही पोहायला उतरत नाहीत. त्यांच्याकडे म्हण आहे, समुद्राला मागचं दार नसतं. आपण कोकणात म्हणू, परसदार नसतं. आत अडकलात तर दुसरीकडून निसटता येत नाही. रोज समुद्रात उतरणाऱ्या माणसांची ही म्हण.

नंतरचा दिवस निवांत गेला. आमची थालीपीठं त्यांनी खाल्ली, त्यांनी आम्हाला पाव आणि त्यात दोन माशाच्या वड्या असं दिलं. चहूकडे समुद्र असून वडीत मासा खारवलेला कॉड. गुलामीच्या काळात उसाच्या मळ्यांवर स्वस्तातलं खाणं म्हणून तो उत्तरेकडून यायचा, आणि जिभेवर राहिला. चिंचेच्या साखर-मिरची लावलेल्या गोळ्या तर आमच्या शाळेच्या फाटकासमोरच्याच. अकराला सर आली, पळत बदामाखाली गेलो. नातीला झाड निवडता येतं: मँचिनील नावाचं विषारी झाड तिकडच्या किनाऱ्यांवर असतं, पावसात त्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्याने कातडी भाजते, म्हणून खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. पट्टा म्हणजे काय ते तिथल्या पोराला माहीत असतं. वीस मिनिटांत ऊन पडलं आणि सगळे पुन्हा पाण्यात.

आता मुरुडबद्दल. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेली १४ मुलं आमच्या समुद्रात बुडून गेली. त्या दिवशी समोर पद्मदुर्ग स्वच्छ दिसत होता. मी किनाऱ्यावर गेले होते. त्यापुढचं लिहवत नाही. घाटावरच्या त्या मुलांना समुद्राचं काहीच शिकवलेलं नव्हतं, आणि आम्ही काठावरच्यांनी तरी आमच्या मुलींना काय शिकवलंय?

फलकांच्या जोडीला माझी मागणी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, समुद्र शांत असताना, किनाऱ्यावरच्या शाळांतल्या मुलामुलींना तरंगणं आणि पाणी ओळखणं शिकवा. ओहोटीची ओढ कुठे असते, त्यात सापडल्यावर किनाऱ्याकडे झगडत न येता आडवं कसं निघायचं, हे. शिकवायला कोळीवाड्यातली जाणती माणसं आहेत, त्यांना मानधन द्या. जीवरक्षक बारा महिने ठेवा. सहली आणणाऱ्या घाटावरच्या शाळा-कॉलेजांनी निघण्याआधी एक तास यासाठी द्यावा. मुलींना वगळू नका, हे मी वेगळं लिहिते, कारण त्यांनाच वगळलं जातं.

मी परत आल्यापासून आम्ही पाच जणी रविवारी सकाळी, भरती-ओहोटीची वेळ पाहून, सुरूच्या बनासमोर कंबरभर पाण्यात जातो. कोळीवाड्यातल्या एक ताई सोबत असतात, त्या नाही म्हणाल्या की त्या दिवशी कोणी उतरत नाही. पावसाळाभर बंद असतं. नात बार्बाडोसहून फोनवर दर वेळी विचारते, "आजी, किती झाले?" गेल्या रविवारी ऐंशी झाले.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
मुरुड, जि. रायगड