बाबा, पेजेवर टाके भरून येत नाहीत

ति. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर विचारलं की बाबा "जेवलो गं" म्हणतात आणि मागे आई गप्प असते. म्हणून बाबांच्या गालाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी हे पत्र.

रविवारी पंचवटीतून निघताना बाबांच्या कॉलरकडे लक्ष गेलं. गळा आणि कॉलर यांत दोन बोटं सहज जातील एवढी जागा झालीय. तोंड मात्र दोन बोटंही उघडत नाही. दिवाळीत ६४ किलो होतात, आता ५८. सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, तर आठ-पंधरा दिवस आधी पोषण भरून काढायचं आणि मगच ऑपरेशन करायचं, असा विचार डॉक्टर करतात. आपण त्या काठावर आहोत.

"गाठ निघाली की मग खाईन" हे बाबांचं गणितच उलटं आहे. गाल कापून तिथे छातीचं किंवा मांडीचं मांस लावतील, आणि त्यानंतर काही दिवस तोंडानं काहीच घ्यायचं नाही. तो तुकडा धरायला, टाके जुळायला प्रोटीन लागतं. नाही जुळले तर लाळ आतून मानेत झिरपते, जखम चिघळते, आणि पुढची रेडिएशनची तारीख लांबते.

आई, तू दिवसातून चारदा पेज देतेस, पण तिच्यात पाणीच जास्त. बाबांच्या वजनाला रोज ७० ते ८७ ग्रॅम प्रोटीन हवं. एक लिटर दुधात ते जेमतेम ३२ असतं. अंडं तुझ्या स्वयंपाकघरात येणार नाही, त्यावर मी वाद घालत नाही (घातला असता, पण ऑपरेशनला अठराच दिवस उरलेत). मग दुधात दूध पावडर कालव, पनीर दुधातच मिक्सरला फिरव, मुगाचं घट्ट वरण तूप घालून दे. नाचणीची खीर दुधातच शिजव. तिखट, आंबट नको, झोंबतं. एकदम वाटीभर जात नाही, तर दर दोन तासांनी अर्धी वाटी. डाएटिशियननं लिहून दिलेली पावडर कपाटात तशीच आहे, तीही काढ.

मावशी म्हणते साखरेनं कॅन्सर वाढतो. मावशीचा मान राखून सांगते, ऐकू नकोस. बाबांना डायबेटिस नाही. साखर-तूप तोडलं तर गाठ उपाशी राहत नाही, बाबा राहतात.

ऑपरेशननंतर नाकातून पोटात जेवणाची नळी घालतात, तिला बाबा घाबरलेत, म्हणून तिचं नावही काढू देत नाहीत. बाबा, ती शिक्षा नव्हे, तोंडाला दिलेली सुट्टी आहे. आई, फीड, म्हणजे नळीतून जाणारं पातळ अन्न, देताना त्यांना टेकवून बसवायचं, नंतरही अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही, शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची. प्रत्येक फीड गाळून, नाहीतर नळी तुंबते. नर्सकडून आपण दोघी शिकून घेऊ.

तंबाखूबद्दल मी काय बोलू? लहानपणी कोपऱ्यावरून पुडी मीच आणून द्यायचे. पण उशीखाली सापडलेली शेवटची पुडी मी नेलीय, शोधू नका.

शुक्रवारी येते. बारीक जाळीची गाळणी घेऊन येते. तोवर रोज काय पोटात गेलं ते आईनं कॅलेंडरवर लिहायचं, आणि सोमवारी सकाळी वजन. बाबा, चपला काढून. परवाचे ५८ चपलेसकट होते, मी पाहिलंय.

तुमची,
ताई